सिंक वाळेपर्यंत

३ तारीख, मंगळवार

आज सकाळी मी सुनेच्या स्वयंपाकघरातलं सिंक पाडलं. अगदी जमिनीवर नाही, पण ओट्याचा दगड आणि सिंकची कड यांच्यात बोटभर फट पडली आणि फटीतून खालच्या कपाटातला अंधार दिसायला लागला. जन्मभर खिळखिळी झालेली पुस्तकं बांधून दिली आणि म्हातारपणी हा पराक्रम.

झालं ते असं. पंधराला, रविवारी, चिरंजीव साइटवरून येणार आणि मला लेकीकडे सोडणार असं ठरलंय. जाण्याआधी माझं पुस्तकं दाबायचं छोटं प्रेस स्वच्छ करावं म्हणून त्याच्या बिडाच्या दोन प्लेटा सिंकमध्ये भिजत घातल्या. वर काठोकाठ पाणी. इथलं सिंक दगडात वरून बसवलेलं नाही, दगडाला खालून चिकटवलेलं आहे. त्याला धरून ठेवायला गोंद आणि चार क्लिपा, बस. म्हातारा माणूस खुर्चीत बसताना करतो तसा एक आवाज आला आणि सिंक उजवीकडून खचलं.

लेकीकडे जायचं मीच सुचवलं होतं. दुकान बंद करून तीन महिन्यांपूर्वी इथे आलो. चिरंजीव पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात, म्हणजे घरात मी आणि सूनबाई. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरणीच्या हाताखाली काम करते. संध्याकाळी येते, खोलीचं दार लावून घेते, मग जेवताना गरजेपुरतं बोलते. उलट शब्द कधी नाही, पण माणसाला कळतं. तेव्हा कुणी सांगायच्या आत आपणच म्हटलं, मला जिना सोसत नाही, लेकीचं घर तळमजल्यावर आहे. दोघांनी लगेच मान डोलावली.

जिना मला उत्तम सोसतो. खरं सांगायचं तर मला जायचं नाही. या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारी जो उजेड येतो तो मला आवडतो, संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आवडतो. उरलेली वर्षं इथेच जावीत असं वाटत होतं. हे फक्त या वहीत.

संध्याकाळी सूनबाईला सगळं कबूल केलं. ती गुडघ्यांवर बसून खालून वाकून बघत राहिली.

"ते आधीपासूनच हलत होतं, बाबा," म्हणाली. मनाचा मोठेपणा. उद्या प्लंबरला फोन करते म्हणाली.


४ तारीख, बुधवार

प्लंबर सोळा तारखेपर्यंत मोकळा नाही म्हणे.

भांडी न्हाणीघरात घासावी लागताहेत. दोन बुटकी स्टुलं घेऊन आम्ही समोरासमोर बसलो; ती घासणार, मी विसळणार. मी म्हटलं, आज सगळ्या पातेल्यांना आंघोळ घडली, एरवी नुसतं तोंड धुवून पळतात. त्यावर ती मोठ्यांदा हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं ते हसणं. भिंतींच्या फरशांमुळे ते बराच वेळ तिथेच घुमत होतं.


६ तारीख, शुक्रवार

ठरवलं. फट मी पाडली, मीच बुजवणार. या घरातून जाताना मागे मोडतोड ठेवून जायचं नाही.

कपाटातले डबे आणि पिशव्या बाहेर काढल्या, सतरंजी अंथरली, उशी घेतली आणि उताणा आत सरकलो. पाय स्वयंपाकघरात, डोकं कपाटात, तोंडावर सिंकचं पोट. सांडपाण्याचा पाइप सोडवला. उजवीकडच्या दोन्ही क्लिपा दगड सोडून लोंबत होत्या, डावीकडच्या नावाला धरून होत्या. जुनं सिलिकॉन काळं पडलेलं. पातळ सुरीने खरवडायला घेतलं. पुस्तकाच्या पाठीवरचा जुना सरस असाच निघतो, घाई केली की तुकडे पडतात आणि धीर धरला की लांबच लांब पट्टी सुटून येते.

तिथे खाली वेगळंच आहे सगळं. फटीतून उन्हाचा बारीक दोरा येतो आणि पोटावरून गळ्याकडे सरकत राहतो. भिंतीतल्या पाइपांतून सगळ्या मजल्यांचं पाणी जातं. वर कुणी हात धुतले की माझ्या कानाशी. कुणी गुळणी केली. कुणीतरी नळ सोडून बराच वेळ उभं होतं, बहुधा विचारात. मला गुंगी आली. स्वप्नात आमचं दुकान पाण्याखाली होतं आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं. आमची ही, तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली, नेहमीच्या जागी बसून छापील कागदांना घड्या घालत होती, आणि घातलेली घडी हातातून सुटून सावकाश वर तरंगत जात होती. मी म्हटलं, अगं, पानांचा क्रम चुकेल. ती म्हणाली, चुकू दे, वाचणाऱ्याला कळतं.

जागा झालो तेव्हा ऊन गेलेलं होतं आणि पायांवर कुणीतरी चादर घातली होती. सूनबाई येऊन दार लावून आपल्या खोलीत गेली होती.

एक लिहायचं राहिलं. सकाळी जिन्यात बिल्डिंगचा नेहमीचा प्लंबर भेटला, खांद्यावर पिशवी. मी म्हटलं, "काय रे, सोळापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही म्हणे तुला?" तो म्हणाला, "मला? आजोबा, चार दिवस घरी माश्या मारतोय. या बिल्डिंगमधून कुणाचा फोनच नाही." सूनबाईने दुसऱ्याच कुणाला तरी विचारलं असणार. एवढी चटपटीत पोर, पण दवाखान्यातून दमून येते, होतं असं.


७ तारीख, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक बाई बसतात, केसांत पेन्सिल खोचलेली. सिलिकॉनची नळी मागितली तर विचारलं कशाला. सिंक चिकटवायला.

"मग प्लंबर आणा."

"मी स्वतः बाइंडर आहे. चिकटवण्यात हयात गेली."

"मग काय बोलणार बाई आपण," असं म्हणून त्यांनी नळी आणि ती दाबायची बंदूक दिली. दोन भाग कालवायचा इपॉक्सी गोंदही पुढे केला, क्लिपांसाठी. मी घेतला नाही. चांगलं दाबून बसवलं की क्लिपांची गरज काय?

युक्ती माझी. ओट्यावर सिंकच्या आरपार एक फळी आडवी ठेवायची. पुस्तकं शिवायचा माझा जाड दोरा दुहेरी करून जाळीच्या भोकातून खाली सोडायचा, खाली त्यात एक दांडकं अडकवायचं. मग वर दोऱ्यात काठी घालून पिळायचं. जसजसा पीळ बसतो तसतसं सिंक वर उचललं जातं. दिसायला फार सुंदर दिसतं ते. मी कडेला सिलिकॉन लावलं आणि पिळत गेलो, पिळत गेलो. दोरा तारेसारखा वाजायला लागला. सिलिकॉन चारी बाजूंनी भळाभळा बाहेर आलं. वा! बांधणीत जितकं दाबाल तितकं पुस्तक टिकतं.

सूनबाई दारात उभी राहून बघत होती. "झालंसुद्धा?" एवढंच म्हणाली. आवाज जरा पडलेला वाटला. शनिवारी पेशंट फार असतात.


८ तारीख, रविवार

हात दाखवून अवलक्षण. चोवीस तास मोजून दोरा सोडला, सिंक राहिलं. मी अभिमानाने सूनबाईला हाक मारली. तिने जाळीचं भोक बुजवून एक बादली पाणी ओतलं. अर्ध्या बादलीला सिंकने कुरकुर केली, पाऊण बादलीला खाली आलं आणि सगळं पाणी माझ्या सतरंजीवर.

"अरे वा," सूनबाई म्हणाली, मग लगेच, "म्हणजे, अरेरे!" घाबरलं की माणसाचं बोलणं उलटसुलट होतं.

कड बोटाने चाचपली. सिलिकॉन उरलंच नव्हतं. मी इतकं दाबलं की होतं नव्हतं ते सगळं बाहेर निघालं. कागद गोंद पिऊन घेतो, म्हणून दाबायचा असतो. दगड काही पीत नाही आणि पत्राही पीत नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने माती केली. फार लाज वाटली. कपाटात डोकं घालून तसाच पडून राहिलो, ओल्या सतरंजीवर.

मग बाहेरून तिचा आवाज आला. "बाबा, दगड घासून खरखरीत केला होतात?"

"नाही."

"पूर्ण कोरडा होता?"

"पुसला होता."

"ओल्या दातावर सिमेंट बसत नाही, बाबा. आणि गुळगुळीत दातावरही नाही. आमच्याकडे आधी खरखरीत करतात, मग वाळवतात, मगच लावतात. आणि दाबतात ते हलक्या हाताने." आणि वर म्हणाली, "निवांत करू. घाई काय आहे?"

आज आठ तारीख. घाई कशी नाही?


१० तारीख, मंगळवार

पुन्हा सगळं खरवडलं. दोन दिवस त्यातच गेले, पण वाईट गेले नाहीत. सूनबाईने दवाखान्यातून लांब दांडीचा तो चिमुकला आरसा आणला आहे. मागची भिंतीकडची कड मला दिसत नव्हती, ती आरशात दिसते. बघता बघता हात हलला आणि आरशात खिडकी आली, खिडकीतला ढग आला, एवढासा, नखाएवढा. कितीतरी वेळ मी सिंकखाली पडून ढग बघत होतो. कामाची टाळाटाळच म्हणायची.

पुन्हा हार्डवेअरला जाऊन मुकाट्याने इपॉक्सी आणला. बाईंनी "कसं बसलं?" असं विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

भांडी न्हाणीघरातच. आता तिथे आमच्या गप्पाही होतात. एका म्हाताऱ्याची कवळी दवाखान्यातच राहिली, आणि तो दुसऱ्या दिवशी घ्यायला आला तेव्हा दुसऱ्याचीच घालून गेला, आणि आठवडाभर खूष होता. हसून हसून माझ्या हातातलं ताट निसटलं.


११ तारीख, बुधवार

आज तिची अर्धी सुट्टी. दोघांनी मिळून क्लिपा बसवल्या. दगडाची खालची बाजू पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली, मग तिने केस वाळवायचं यंत्र आणून वीस मिनिटं गरम हवा मारली. मी आत, ती बाहेर बसून विजेरी धरलेली. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. त्यामुळे असेल, ती आपणहून बोलायला लागली.

"मी आल्या आल्या दार लावून घेते ना, बाबा, त्याचं तुम्हाला काही वाटत नाही ना?"

"छे छे."

"दिवसभर त्या दात कोरायच्या मशीनचा आवाज डोक्यात असतो. दहा मिनिटं काळोखात बसलं की जातो. मग बाहेर यावंसं वाटतं, पण तोवर तुम्ही जेवणाची पानं घेतलेली असतात, पुस्तक उघडलेलं असतं. वाटतं, कशाला त्यांना त्रास."

मी क्लिपेवर गोंद थापत होतो. बिचारीला शांतता हवी असते तर! आणि मी तिथे भांडी वाजवत असतो, खाकरत असतो. बरं झालं जायचं ठरवलं ते. पण काळजाला कुठेतरी चिमटा बसला, हे लिहिलं पाहिजे.

क्लिपा बसल्या. उद्या दिवसभर हात लावायचा नाही.


१३ तारीख, शुक्रवार

सकाळी नऊ वाजता सिलिकॉन लावलं. ती उशिरा जाणार होती दवाखान्यात. मी खाली क्लिपांच्या चाक्या फिरवायला, ती वर काठी पिळायला. मी आवाज द्यायचा, तिने पीळ द्यायचा, आणि कडेला काय दिसतंय ते तिने सांगायचं.

"अर्धा पीळ."

"दिला. उजवीकडे जरा वर पाहिजे, बाबा."

"आता?"

"आलं. बारीक रेघ आली बाहेर. बस, बस. आता नका दाबू."

माझे हात शिवशिवत होते, अजून एक फेरा, अजून एक. धरून ठेवले. चाक्या नुसत्या बोटांनी आवळल्या. एकूण दीड पीळ झाला, त्याच्यावर नाही. काडेपेटीच्या काडीएवढी जाड एकसारखी रेघ चारी बाजूंनी आली, असं ती म्हणाली. मग आम्ही दोघंही काही वेळ तसेच थांबलो, मी खाली हात वर करून, ती वर काठी धरून. फटीतलं ऊन बंद झालं होतं. आत पूर्ण काळोख. मला वाटलं, हे असंच राहावं, सिंक बसू नये आणि पडूही नये.

वरून तिने विचारलं, "ताईंकडे तुम्हाला जास्त करमेल ना?"

"हो तर," मी म्हटलं. "लेकच ती."

वर गाठीवर गाठ बसल्याचे आवाज येत राहिले. काठी बांधण्यात गुंतली असावी. मग एकदम निघून गेली दवाखान्याला, चहा तसाच ठेवून.


१४ तारीख, शनिवार

करायला काही नाही. सिंक वाळतंय आणि मी बॅग भरतोय. दुपारी खिडकीत बसलो. कावळा येऊन फळीवर बांधलेल्या दोऱ्याकडे मान वाकडी करून बघत होता. डोळा लागला तर स्वप्नात मी आणि सूनबाई एका भल्यामोठ्या सिंकमध्ये बसून कुठेतरी चाललो होतो, पाणी संथ, वल्हं कुणाच्याच हातात नाही. ती म्हणत होती, बाबा, जाळीचं भोक बुजवलंत ना? मी म्हणत होतो, विसरलो. आणि तरी ते बुडत नव्हतं.

संध्याकाळी तिने दार लावलं नाही. सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, हे खरंच चोवीस तासांत वाळतं?"

"तसं वाळतं. पक्का भरवसा अठ्ठेचाळीस तासांनी."

"आणि हवा दमट असली तर?"

"थोडं जास्त."

"आणि जाड लागलं असेल तर?"

"त्याहून थोडं जास्त. पण आपलं काही जाड नाही लागलेलं."

"नाही का?" असं म्हणून ती उठली. प्रत्येक गोष्ट मुळातून समजून घ्यायची हिला आवड आहे. बाइंडिंगला आली असती तर सोनं केलं असतं.


१५ तारीख, रविवार

सकाळी मी दोरा आणि फळी काढून सांडपाण्याचा पाइप जोडला. चिरंजीव अकरा वाजता आले. "बाबा, तयार ना?" म्हणाले आणि हात धुवायला थेट सिंककडे वळले.

"हात लावू नकोस!" सूनबाई ओरडली. "वाळलं नाहीये अजून!"

"कधी लावलंय?"

"काल रात्री."

मी बॅगेचा पट्टा आवळत होतो. म्हटलं विसरली बिचारी, शुक्रवारी सकाळी नऊला लावलंय, उलटून गेले अठ्ठेचाळीस तास. सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात खुर्चीत बसलेली माणसं डॉक्टरणीकडे तशी बघत असतील. आणि तेवढ्यात मला जिन्यात भेटलेला तो प्लंबर आठवला.

पन्नास वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी वाळण्याची खोटी वेळ सांगितली नव्हती.

"आठ दिवस तरी लागतील," मी म्हटलं. "हवा दमट आहे. आणि जाड लागलंय. मला थांबावं लागेल, रोज बघावं लागेल."

"आठ दिवस?" चिरंजीवांनी दोन्ही तळवे सिंकमध्ये टेकवले आणि अख्खा भार टाकला. सहा फुटी माणूस. काहीही हललं नाही. पुन्हा एकदा टाकला. "अहो, हे तर दगडासकट उचललं जाईल, पण सुटायचं नाही."

सूनबाई कानापर्यंत लाल झाली होती.

"वाळलंय," मी म्हटलं. "कालच वाळलंय. मला जायचं नाही."

हे शब्द तोंडातून कसे निघाले मला माहीत नाही, पण निघाले.

"मलाही नकोय तुम्ही जायला," सूनबाई म्हणाली, आणि ओट्याला टेकून रडायलाच लागली. "तुम्ही गेलात की या घरात संध्याकाळी मी आणि फ्रिज." मग माझाही बांध फुटला. सुनेच्या देखत रडणं शोभत नाही वगैरे सगळं मागाहून सुचलं.

चिरंजीव आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. "बाबा, जिना सोसत नाही ना तुम्हाला?"

"सोसतो."

"आणि तू म्हणालीस, बाबांना लेकीची ओढ आहे, अडवू नकोस."

"मला तसं वाटलं."

"भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच! एका घरात राहून तीन महिने दोघांपैकी एकालाही तोंड उघडता आलं नाही?" असं म्हणत त्याने माझी बॅग उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली आणि बहिणीला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, याचंच तेवढं येत होतं.

"ताई, बाबा येत नाहीयेत. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. इथेच राहायचंय त्यांना. काय? सिंक? सिंकला काय झालंय, सिंक उत्तम आहे. महिना लागेल? कोण म्हणालं महिना लागेल? कधी फोन केला होता तिने? चार तारखेला?"

फोन कानाला तसाच धरून तो बायकोकडे बघत राहिला. सूनबाईने डोळे पुसले, नळ सोडला आणि सकाळची भांडी घासायला घेतली.